नवऱ्याच्या पाठीवर बीसीसी : कापायचं की मलम लावायचं?

उसाच्या_बांधावर | ४ जून, २१:१२

ब्रिस्बेनला असते. नवरा इथलाच, पणजोबा आयर्लंडहून आलेले. बुंडाबर्गजवळ उसाच्या शेतावर वाढला. पोरवयात उन्हाळाभर अंगात सदरा नाही, टोपी फक्त क्रिकेट खेळताना. आता त्याची भरपाई चालू आहे.

डाव्या खांद्याच्या पात्याखाली एक लालसर चट्टा होता, वर्षभर तरी असेल. मी म्हणायचे गजकर्ण, तो म्हणायचा डास चावला. खाज नाही, दुखणं नाही. पण अंघोळीनंतर टॉवेलवर कधीतरी रक्ताचा ठिपका दिसायचा. एकदा खिडकीपाशी तिरक्या उजेडात पाहिलं तर चट्ट्याची कड बारीक दोऱ्यासारखी उचललेली आणि चमकणारी. मग मात्र त्याला ओढतच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बघितलं, छोटी गोल बायोप्सी घेतली. रिपोर्ट : सुपरफिशियल (वरवरचा) बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजेच बीसीसी, त्वचेचा कॅन्सर. आकार ११ मिमी. त्या म्हणाल्या, कापून काढू शकतो किंवा इमिक्विमॉड ५ टक्के मलम सहा आठवडे लावू शकतो, दोन दिवसांत कळवा. नवऱ्याने तिथेच "मलम" म्हणून टाकलं. मला मात्र कॅन्सर आणि मलम एका वाक्यात ऐकूनच कसंतरी झालं. मलम म्हणजे कसं, भाजलं-कापलं तर लावायचं. कोणी वापरलंय का?

मीठभाकर | ४ जून, २१:४०

अगं आधी श्वास घे. बीसीसी हा कॅन्सरच्या खानदानातला सगळ्यात मवाळ मेंबर. बाकी इथले डॉक लोक सांगतीलच. मी रुमाल टाकून बसते.

चर्मचक्षू | ४ जून, २३:०५

पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे बीसीसीचे रुग्ण तुमच्या ब्रिस्बेनच्या मानाने चिमूटभर येतात, तरी सांगतो.

त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. शरीरात दुसरीकडे पसरणं अतिशय दुर्मिळ. पण "मवाळ" म्हणून सोडून दिला तर आहे त्या जागीच कुरतडत जातो. जुन्या पुस्तकांत त्याला "रोडंट अल्सर" म्हणायचे, उंदराने खाल्ल्यासारखा. योगायोग बघा, १८२७ साली त्याचं वर्णन केलं ते डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी, म्हणजे तुमच्या सासरच्याच गावकऱ्यांनी.

सुपरफिशियल म्हणजे गाठ अजून वरच्या थराच्या तळाला लोंबकळत आडवी पसरते आहे, खोल उतरलेली नाही. मलम वरून जिथवर पोचतं तिथवरच त्याचं काम. त्यामुळे हा एक प्रकार मलमाच्या टप्प्यात येतो. नोड्युलरला, म्हणजे गाठीसारख्या वर आलेल्या प्रकाराला, सहसा मलम देत नाहीत, आणि मुळं सोडत जाणाऱ्या इन्फिल्ट्रेटिव्ह किंवा मॉर्फिइक प्रकाराला तर नाहीच. म्हणून बायोप्सी आधी, मलम नंतर. नुसतं बघून "लावून तर बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

जागाही महत्त्वाची. अमेरिकेत या मलमाला बीसीसीसाठी २००४ मध्ये मंजुरी मिळाली ती २ सेमीपर्यंतच्या, धड, मान आणि हातापायांवरच्या चट्ट्यांसाठी. हातांचे पंजे आणि पावलं वगळून, आणि चेहरा त्या यादीत नाही. नाक, पापण्या, ओठ, कान इथे हा कॅन्सर लबाडी करतो, वर दिसतो त्याहून खाली जास्त असतो. तुमच्या नवऱ्याची पाठ म्हणजे मलमाला हवी तशी जागा आहे.

उसाच्या_बांधावर | ५ जून, ०७:३०

धन्यवाद डॉक. पण मलम करतं काय नेमकं? जाळतं का?

चर्मचक्षू | ५ जून, १०:१५

दोन वेगळी मलमं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

इमिक्विमॉड स्वतः काहीच मारत नाही. ते आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर जी टोल-लाइक रिसेप्टर ७ नावाची घंटा असते ती बडवतं. एरवी ही घंटा विषाणू आला की वाजते. वाजली की इंटरफेरॉन वगैरे धोक्याचा निरोप देणारी रसायनं सुटतात आणि इतके दिवस गाठीशेजारी डुलक्या काढणारा पहारेकरी खडबडून उठतो. (१९९७ साली हे औषध बाजारात आलं ते गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी. तो विषाणूचाच आजार.)

दुसरं ५-फ्लुओरोयुरॅसिल, बोलताना ५-एफयू. ही सरळ केमोथेरपी, फक्त ट्यूबमधून. पेशीला डीएनए बांधायला जी वीट लागते तिच्यासारखी दिसणारी खोटी वीट. भराभर वाढणारी पेशी ती उचलते आणि बांधकाम ठप्प. १९५७ पासूनचं औषध, शिरेतूनही देतात. मलम लावायचं दिवसातून दोनदा, तीन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त.

दोन्हींत चट्टा आधी भयानक दिसतो. लाल, ओला, खपली. तो साइड इफेक्ट म्हणून घाबरून रुग्ण मधेच सोडतात आणि मग "मलम चाललं नाही" म्हणतात.

हिशोबनीस | ५ जून, १३:२२

मी डॉक्टर नाही, आकड्यांचा माणूस. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांनी ५०१ रुग्णांवर सरळ तुलना केली होती, इमिक्विमॉड विरुद्ध शस्त्रक्रिया. ५ वर्षांनी शस्त्रक्रियेचं यश ९७.७ टक्के, मलमाचं ८२.५. मला हे कळत नाही की अर्ध्या तासात ९८ टक्के मिळत असताना कोणी सहा आठवडे रडून ८२ का घ्यावेत? उमेदवार निवडायचा असता तर हा प्रश्नच पडला नसता.

लिंबर्गकर | ५ जून, १५:४८

हिशोबनीस, पाठ तुमची नाही म्हणून.

मी नेदरलँड्समध्ये असतो. बायको डच, तिच्या पोटऱ्यांवर आणि पाठीवर मिळून आतापर्यंत सात निघालेत. सात वेळा कापायचं? तिची पाठ म्हणजे गोधडी झाली असती.

इथेच एक मोठी तुलना झाली होती, ६०१ रुग्ण, फक्त सुपरफिशियल. तीन गट : इमिक्विमॉड, ५-एफयू, आणि फोटोडायनॅमिक म्हणजे औषध लावून वर लाल दिवा मारतात ते. वर्षाअखेर तिन्ही जवळपास होते, ८३, ८० आणि ७३ टक्के. ५ वर्षांनी मात्र इमिक्विमॉड ८०.५ वर टिकलं, ५-एफयू ७० वर आलं आणि दिव्याचं ६२.७. बायकोचा पहिला चट्टा दिव्याने घालवला होता. तिसऱ्या वर्षी त्याच जागी परत. तेव्हा दवाखान्यात सगळे म्हणायचे की दिवा लेटेस्ट आहे. त्यानंतर आमच्या घरात "लेटेस्ट" ही शिवी आहे.

चर्मचक्षू | ५ जून, १९:०२

दोघांचेही आकडे बरोबर. हिशोबनीस, त्या ब्रिटिश तुलनेत नोड्युलरही होते हे लक्षात घ्या, आणि मलमाची बहुतेक अपयशं पहिल्याच वर्षात दिसून आली. म्हणजे जे हटत नाही ते लवकर कळतं आणि मग कापता येतं. ८२ म्हणजे उरलेले १८ मेले असं नाही हो. उरलेल्या १८ जणांना सुरी लागली, इतकंच.

चेहऱ्यावर असता तर मीही सुरीच म्हणालो असतो. पाठीवर गोष्ट वेगळी. तिथली कातडी सतत ताणली जाते, टाक्यांचा व्रण रुंद होतो. माणूस काम काय करतो?

उसाच्या_बांधावर | ५ जून, २०:३३

प्लंबर. दिवसभर शिडी आणि पाइप खांद्यावर. टाके घातले तर काही आठवडे वजन उचलायचं नाही असं सांगितलंय, आणि धंदा स्वतःचा. म्हणून तर मलम मलम करतोय.

ठरलं, मलम. शिवाय इथे आता हिवाळा आहे. बाई म्हणाल्या, लावायचं तर आत्ताच लावा, कारण या काळात ती जागा उन्हाला फार नाजूक होते. डिसेंबरात इथला यूव्ही इंडेक्स ११-१२ च्या वर जातो, तेव्हा नको.

वनौषधीप्रेमी | ६ जून, ०६:१०

केमिकलच्या नादी लागण्याआधी कडुनिंब आणि हळदीचा लेप द्या ४१ दिवस. शिवाय परदेशात एक काळं मलम मिळतं, संपूर्ण वनस्पतीजन्य, त्याने गाठ मुळासकट खपलीबरोबर गळून पडते. व्हिडिओ आहेत. आणि बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो हे तर सगळ्यांना माहीत आहे.

गोळीबार_मैदान | ६ जून, ०९:५५

वनौषधीप्रेमी, पर्थला फार्मसीत उभी असते दिवसभर, म्हणून जरा आवाज चढवते.

ते काळं मलम "गाठ ओळखून" काही खात नाही. त्यात झिंक क्लोराइड असतं आणि ब्लडरूट नावाच्या झाडाचा अर्क. जी कातडी समोर येईल ती जाळतं, चांगली-वाईट सगळी. वर खपली धरते, माणूस खूश, आणि खाली उरलेला कॅन्सर व्रणाखाली आरामात वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने त्याविरुद्ध स्पष्ट इशारे दिलेत. नाक गळून पडल्याचे फोटोही आहेत, व्हिडिओबरोबर तेही बघा.

बायोप्सीने बीसीसी पसरत नाही. आणि हळद भाजीत घाला.

उमाताई (बांधावर म्हणजे उमाच असणार असं मी ठरवून टाकलंय), इमिक्विमॉडची पुडी एका वेळची असते, पाव ग्रॅमची. पण ११ मिमीच्या चट्ट्याला ती सगळी लागत नाही. ५ मिमी व्यासाचा थेंब, अख्ख्या मसुराच्या दाण्याएवढा. तो चट्ट्यावर आणि भोवती १ सेमी चांगल्या कातडीवरही चोळून जिरवायचा, कारण कड दिसते तिथेच संपते असं नाही. झोपताना लावायचं, साधारण आठ तासांनी साबण-पाण्याने धुवायचं. वर प्लास्टिकची घट्ट पट्टी नको. सोमवार ते शुक्रवार लावा, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस लक्षात राहतात. तुझे हात नंतर स्वच्छ धू.

उसाच्या_बांधावर | ६ जून, १२:०१

उमा नाही, पण आता उमाच म्हणा. पाठीवर त्याचा हात पोचत नाही, त्यामुळे कंपाउंडर मीच. सोमवारपासून सुरू.

उसाच्या_बांधावर | १६ जून, २२:१८

पहिला आठवडा : काहीही नाही. नवरा म्हणतो, तू नक्की लावतेयस ना?

उसाच्या_बांधावर | २६ जून, २२:४०

तिसरा आठवडा. आता बघवत नाही. चट्टा आधी करंगळीच्या नखाएवढा होता, आता हाताच्या तळव्याएवढी लाली, मधे ओलं, कडेला पिवळट खपली. चादरीवर डाग. काल त्याला कणकण आली, अंग मोडून आलं, मानेतली गाठ सुजल्यासारखी. हे ठीक आहे का? मधल्या जागेत खपली धरली आहे, मलम तिच्यावरूनच लावू का? आणि लाली इतकी मोठी म्हणजे आतून इतकं पसरलेलं होतं का?

चर्मचक्षू | २६ जून, २३:२०

कणकण येते. इंटरफेरॉन सुटल्यावर फ्लूसारखंच वाटतं. लालीच्या आकारावरून गाठीचा आकार मोजू नका, मलम चांगल्या कातडीवरही लावताय ना, तीही चिडते. पण ओलं फार असेल, दुखत असेल, पू वाटत असेल तर उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. थोडे दिवस थांबायला सांगतील, ते चालतं. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, आणि "राहिलेलं भरून काढू" म्हणून दुप्पटही लावू नका. धाग्यावरून फोटो न बघता यापुढे मी जाणार नाही.

मीठभाकर | २७ जून, ०८:०५

अगं त्या पहारेकऱ्याने पाठीत दंगल केलेली दिसतेय.

उसाच्या_बांधावर | २७ जून, १९:४७

बाईंनी बघितलं. जंतुसंसर्ग नाही. "छान चाललंय" म्हणाल्या! मी त्या छान गोष्टीकडे बघत राहिले. चार दिवस सुट्टी, फक्त व्हॅसलिन, मग परत सुरू. सहा आठवड्यांची तारीख पुढे ढकलायची नाही असं त्यांनी सांगितलंय.

वऱ्हाडी_ठेचा | २८ जून, २१:५०

जरा अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही सगळे गोऱ्या कातडीचं बोलून राहिले. माझ्या बाबांना नागपुरात हाच झाला. नाकाच्या बाजूला काळा ठिपका, आम्हाला तीळच वाटे. आजीलाही होता म्हणे तिथेच. न्हाव्याचा वस्तरा लागला की रक्त येई, दोन-तीन दिवसांनी खपली, पुन्हा रक्त. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती वर्षभर लावली. लावली की लाली कमी, सोडली की परत. शेवटी एका डॉक्टरने बघितलं आणि म्हणाले हा तीळ नाही. तोवर नाकपुडीपर्यंत गेलं होतं. गालाची कातडी फिरवून लावावी लागली.

आपल्याकडे होतच नाही असं समजत होतो आम्ही.

चर्मचक्षू | २८ जून, २२:३५

अवांतर कसलं, या धाग्यावरचं भारतातल्या वाचकांच्या कामाचं हेच आहे.

आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त म्हणून बीसीसी कमी, पण होतो. आणि झाला की बरेचदा काळा-निळसर होतो, त्यामुळे तीळ समजून घरातले सगळे त्याला ओळखीचा करून टाकतात. वयाच्या पन्नाशी-साठीनंतर नवा उगवलेला, मोत्यासारखी कड असलेला, पुन्हा पुन्हा रक्त येऊन खपली धरणारा तीळ हा तीळ नाही असंच धरून चाला.

त्या मेडिकलच्या ट्यूबबद्दल : स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ती ट्यूब आपल्याकडे चहाच्या पुडीसारखी विकली जाते. स्टेरॉइडने लाली दबते, आजार नाही. इमिक्विमॉड पहारेकऱ्याला उठवतं म्हणालो होतो, ही त्याला अंगाई गाते.

आणखी एक. पश्चिम बंगालमध्ये जिथे विहिरी-हापशांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, तिथे ऊन न लागणाऱ्या, कपड्याखालच्या अंगावर असे बरेच वरवरचे चट्टे एकाच माणसाला होताना दिसतात. म्हणजे ऊन हे एकच कारण नाही.

लिंबर्गकर | २९ जून, ०१:१५

उमाताई, घरात कुत्रं-मांजर आहे का?

उसाच्या_बांधावर | २९ जून, ०७:०२

आहे की. ढोल्या. लॅब्राडोर. जे दिसेल ते चाटतो. का?

गोळीबार_मैदान | २९ जून, ०९:२०

बरं झालं कोणीतरी विचारलं. इमिक्विमॉडची पाठही त्याला चाटू देऊ नकोस, वापरलेली पुडी झाकणाच्या डब्यात टाक. पण कुणाच्या घरी ५-एफयू असेल तर मात्र ट्यूब कुलपात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास इशारा काढला होता, पाच कुत्री दगावल्यावर. एका घरात दोन कुत्री ट्यूबशी खेळत होती, एकाने दात मारला. दोन तासांत उलट्या आणि झटके, बारा तासांत गेला. माणसाच्या पाठीवर लावायचं मसुराएवढं मलम, पण कुत्र्याच्या पोटात ट्यूब गेली तर वेळच मिळत नाही.

उसाच्या_बांधावर | २९ जून, ०९:४१

बाप रे. ढोल्या आजपासून बाहेरच्या खोलीत. नवऱ्यापेक्षा त्याचाच चेहरा जास्त पडलाय.

उसाच्या_बांधावर | १८ जुलै, २१:३०

सहा आठवडे संपले. मधल्या चार दिवसांच्या आणि एकदा मी विसरले त्या पुड्या उरल्यात. जखम कोरडी पडतेय. खपली निघाल्यावर खाली गुलाबी, कोवळी कातडी, बाळाच्या टाचेसारखी. पण अजून लाल आहे, त्यामुळे गेलं की राहिलं काहीच सांगता येत नाही. बाई म्हणाल्या १२ आठवड्यांनी बघू, त्याआधी बघण्यात अर्थ नाही, सूज आणि आजार सारखेच दिसतात.

हिशोबनीस | १९ जुलै, ११:१०

मी कापा म्हणणाऱ्यांतला, पण वाचत होतो सगळं. पुन्हा होऊ नये म्हणून काही? एका जीवनसत्त्वाबद्दल ऐकलंय.

गोळीबार_मैदान | १९ जुलै, १४:२५

निकोटिनामाइड, ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. हा इथलाच, ऑस्ट्रेलियातला अभ्यास, २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी असे कॅन्सर झालेत अशा ३८६ लोकांना ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, वर्षभर. नवे कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी. गोळी थांबवली की फायदाही थांबला. नायसिन हा ब३चाच दुसरा प्रकार, तो वेगळा बरं का, ते घेऊन चेहरा लालबुंद करून घेऊ नका. आणि मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून.

बाकी इथल्या पोरांना १९८१ पासून टीव्हीवरच्या जाहिरातीतला सीगल पक्षी सांगतोय, सदरा घाला, क्रीम थापा, टोपी घाला. आधीच्या पिढीला सांगायला कोणी नव्हतं. आता पाठी तपासून घ्यायची वेळ त्यांची आहे.

उसाच्या_बांधावर | १४ ऑक्टोबर, २०:५५

१२ आठवड्यांची तपासणी झाली. डर्मोस्कोपखाली काही नाही. जिथे चट्टा होता तिथे आता एक फिकट ठिपका, आजूबाजूच्या कातडीपेक्षा पांढरा. माहीत नसेल तर दिसणारही नाही. तरी दर सहा महिन्यांनी पूर्ण अंग दाखवायचं आहे.

मात्र त्याच तपासणीत नाकाच्या शेंड्यापाशी एक मोत्यासारखा उंचवटा निघाला. बायोप्सी केलीय. नवऱ्याने लगेच विचारलं, उरलेल्या पुड्या लावू का? बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाक आहे, आणि वर आलेलं आहे, हे मलमाचं काम नाही. बहुतेक मोह्स पद्धतीने काढतील, म्हणजे एकेक थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघत. बाई म्हणाल्या, तुम्ही नर्स आहात का? म्हटलं नाही, धाग्यावर असते.

चर्मचक्षू | १४ ऑक्टोबर, २१:३०

माझी फी बाकी आहे.

मीठभाकर | १४ ऑक्टोबर, २१:३४

ढोल्या घरात आला का ते सांग आधी.

उसाच्या_बांधावर | १५ ऑक्टोबर, १९:१२

आला, सोफ्यावर आहे.

पुड्यांचं सांगायचं राहिलं. काल शेजारचा डेव्हिड कुंपणावरून म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं ते मलम उरलंय ना, माझ्याही कानावर तसलंच काहीतरी आहे, एक-दोन पुड्या दे. खिशातून चष्मा काढून मी त्याचा कान बघितला. बघून काय कळणार होतं मला! त्याला बाईंचा फोन नंबर दिला आणि पुड्या सकाळी फार्मसीत परत देऊन आले, इथे जुनी औषधं परत घेतात. डेव्हिडला मंगळवारची वेळ मिळालीय.